अनुज्ञप्ती भूमीची, भूवैज्ञानिकाची नव्हे : गोंदिया परिसरातील खनिजशोध आणि कायद्यातील सवलती

प्रस्तावना

भूवैज्ञानिक म्हणून व्यवसाय करावयाचा असेल तर शासनाचा परवाना लागतो काय, हा प्रश्न महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अध्यापकास काहीसा अपरिचित वाटण्याचा संभव आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनेक राज्यांत मात्र तो दैनंदिन व्यवहाराचा प्रश्न आहे. ॲरिझोना राज्याने १९५६ मध्ये भूवैज्ञानिकांची नोंदणी सुरू केली. कॅलिफोर्नियात डोंगरउतारावर वसलेल्या वसाहतींना दरडींचा वारंवार फटका बसू लागला, तेव्हा १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथेही भूवैज्ञानिकांसाठी स्वतंत्र कायदा झाला. असे कायदे झाले की त्यांच्यामागून सवलतींची कलमे येतातच. संघशासनाच्या सेवेतील अधिकारी, अध्यापन व संशोधन करणारे प्राध्यापक, परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करणारे साहाय्यक यांना बहुतेक राज्यांनी परवान्याच्या अटीतून वगळले आहे. या व्यवस्थेत परवाना व्यक्तीला दिला जातो, आणि सूटही व्यक्तीलाच मिळते.

भारतात वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा अधिनियम आहे. भूवैज्ञानिकासाठी असा अधिनियम नाही. तेव्हा परवानाच नसेल तर सूट कशातून, असे कोणी विचारल्यास ते रास्तच ठरेल. तथापि भारतीय खनिजविषयक कायद्यात सवलतींची परंपरा मोठी आहे. फरक इतकाच की येथे कायद्याने जाणकारास कधी परवाना मागितला नाही. त्याने परवाना मागितला तो विशिष्ट भूमीवरील विशिष्ट कृतीसाठी. त्यामुळे सूटदेखील ज्ञानाच्या आधारे दिली गेली नाही. ती संस्थेच्या नावावर मिळाली, नाहीतर खड्ड्याच्या आकारमानावर. याचा परिणाम ज्या प्रदेशात मोठ्या खाणी थोड्या आणि लहान खड्डे असंख्य, तेथे सर्वाधिक जाणवतो. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेला गोंदिया जिल्हा हा असाच प्रदेश आहे. प्रस्तुत निबंधात या परिसराच्या आधारे त्या सवलतींचा इतिहास पाहावयाचा आहे.

सर्वेक्षणाचा नकाशा आणि मान्यतेचा दाखला

मध्य प्रांताच्या १८८१ च्या जमीन महसूल अधिनियमाने भूगर्भातील खनिजांवरील सरकारचा हक्क स्पष्ट केला. आजच्या गोंदिया जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा मालगुजारांच्या व जमीनदारांच्या ताब्यात होता. कामठा, आमगाव यांसारख्या जमीनदाऱ्यांची नावे अजूनही लोकांच्या तोंडी आहेत. जमिनीचा वरचा थर मालगुजाराचा आणि खालचा सरकारचा, अशी ही विभागणी होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ मध्ये स्थापन झाले. त्याचा अधिकारी हातोडी व होकायंत्र घेऊन एखाद्या गावच्या शिवारात शिरला, तर त्याला अनुज्ञप्ती विचारण्याचे कारणच उद्भवत नसे. खनिज सरकारचे आणि अधिकारीही सरकारचाच. भारतातील पहिली आणि सर्वांत दीर्घकाळ टिकलेली सवलत ही अशी न लिहिताच अस्तित्वात आलेली होती.

या अलिखित सवलतीचे फळ कोणास मिळाले, हे एका प्रसिद्ध प्रसंगावरून दिसते. सर्वेक्षणाचे अधिकारी प्रमथनाथ बोस यांनी १८८० च्या दशकात दुर्गकडील दल्ली-राजहरा येथील लोहखनिजाची नोंद केली होती. ती अहवालात छापली गेली, नकाशावर रंगली आणि तेथेच राहिली. पुढे १८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत खनिजशोधाचे नियम खासगी भांडवलास अनुकूल करण्यात आले आणि जमशेटजी टाटांच्या पोलाद कारखान्याच्या योजनेला पुन्हा चालना मिळाली. दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड यांनी प्रथम चांदा जिल्हा पालथा घातला. तेथील साठा कारखान्यास पुरेसा नाही, हे सांगण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले असता, प्रतीक्षेच्या वेळात समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तेथील भूवैज्ञानिक नकाशावर दुर्ग भागातील लोहखनिजाची खूण त्यांच्या दृष्टीस पडली. सरकारी अधिकाऱ्याने विनापरवाना मिळविलेले ज्ञान अशा रीतीने परवानाधारक भांडवलदाराच्या हाती आले. यात आक्षेपार्ह असे काही नाही. सर्वेक्षणाची स्थापनाच त्यासाठी झाली होती. परंतु हा नकाशा नागपुरात होता, दल्ली-राजहऱ्याला नव्हता, ही गोष्ट या इतिहासात पुन्हा पुन्हा आठवावी लागते.

बोस यांचा पुढील प्रवासही येथे लक्षात घेण्यासारखा आहे. सेवाज्येष्ठता असूनही संचालकपद टी. एच. हॉलंड यांना मिळाल्यावर त्यांनी १९०३ मध्ये सर्वेक्षण सोडले आणि मयूरभंज संस्थानाची सेवा पत्करली. ब्रिटिश हद्दीत सरकारी नोकर म्हणून लाभणारी मोकळीक त्यांच्या राजीनाम्याबरोबर संपली; संस्थानी हद्दीत मात्र महाराजांची अनुमती पुरेशी होती. तेथील लोहखनिजाविषयी १९०४ मध्ये त्यांनी टाटांना लिहिलेल्या पत्रामुळेच पुढे साकचीचा कारखाना उभा राहिला. विद्वान तोच, विद्याही तीच. मोकळीक मात्र पदाबरोबर येत होती आणि पदाबरोबर जात होती.

खासगी व्यक्तीसाठी नियम वेगळे होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नियमांत पूर्वेक्षण अनुज्ञप्ती किंवा खाणपट्टा मागणाऱ्यास प्रांतिक सरकारचा ‘मान्यतेचा दाखला’ आवश्यक होता. हा दाखला म्हणजे व्यक्तीसाठी असलेला एका अर्थी परवानाच. स्वातंत्र्योत्तर काळातही ही पद्धत चालू राहिली. १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाच्या मूळ पाचव्या कलमात अशा दाखल्याबरोबर प्राप्तिकर भरल्याचे प्रमाणपत्रही मागितले होते. परंतु ही मान्यता पट्टा मागणाऱ्या अर्जदाराची होती, त्याच्या पदरी काम करणाऱ्या भूवैज्ञानिकाची नव्हे. दाखला बाळगणारा व्यापारी कोणाच्या सल्ल्याने खड्डा खणतो, याची चौकशी करण्याची सोय त्यात नव्हती. कालांतराने हा दाखलाही रद्द झाला.

या सर्व व्यवस्थेत स्थानिक जाणकारांचे स्थान कोणते होते? रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या चार खंडांत नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्या सोनझरांची आणि लोखंड गाळणाऱ्या अगरियांची स्वतंत्र नोंद आहे. एल. एल. फर्मोर यांनी १९०९ च्या आपल्या मँगनीजविषयक बृहद्ग्रंथात या पट्ट्यातील मँगनीजयुक्त खडकाला ‘गोंडाइट’ असे नाव गोंड लोकांवरून दिले. गोंडांचे नाव खडकाला मिळाले. अनुज्ञप्तीच्या नोंदवहीत मात्र ते मिळणे अवघड होते. मध्य प्रांतातील मँगनीजच्या खाणी १८९६ मध्ये स्थापन झालेल्या प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटकडून पुढे एका ब्रिटिश कंपनीकडे गेल्या आणि १९६२ मध्ये त्यांतून ‘मॉइल’ ही कंपनी जन्मास आली. बालाघाटचे मँगनीज अरुंदमापी रेल्वेने गोंदिया जंक्शनला येत असे. गोंदियाच्या वाट्याला त्या व्यवहारात आले ते मुख्यतः वाहतुकीचे काम.

१९५७ नंतर : पूर्वेक्षण म्हणजे काय?

मालगुजारी व जमीनदारीचे हक्क १९५१ मध्ये संपुष्टात आले. १९५७ चा अधिनियम १ जून १९५८ पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमानुसार अनुज्ञप्ती वा पट्ट्यावाचून कोणत्याही व्यक्तीस पूर्वेक्षण किंवा खाणकाम करता येत नाही. यातील ‘कोणत्याही व्यक्तीस’ हे शब्द फार व्यापक आहेत. त्यांची व्याप्ती आवरली जाते ती तिसऱ्या कलमातील व्याख्येने. खनिजसाठ्याचा शोध घेणे, त्याचे स्थान ठरविणे किंवा त्याचे अस्तित्व सिद्ध करणे या हेतूने केलेली कृती म्हणजे पूर्वेक्षण. निर्णायक आहे तो हेतू. खडकाचा नमुना फोडण्याची कृती एकच. ती ज्ञानासाठी असेल तर कायद्याबाहेर, साठ्यासाठी असेल तर कायद्याच्या आत.

अमेरिकन राज्यांत अध्यापकाला जी सूट स्वतंत्र कलमाने दिली जाते, ती भारतीय अध्यापकास या व्याख्येतून आपोआप मिळते, असे म्हणता येईल. गोंदियाच्या भूविज्ञानाला याचा झालेला लाभ मोठा आहे. हा अधिनियम येण्याच्या सुमारास, १९५७-५८ मध्ये, एस. एन. सरकार यांनी भंडारा-दुर्ग-बालाघाट भागातील खडकांच्या क्रमाविषयी आपला निबंध प्रसिद्ध केला आणि ‘डोंगरगड प्रणाली’ ही संज्ञा रूढ केली. त्या वेळी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात असल्याने निबंधाच्या शीर्षकात ‘मुंबई व मध्य प्रदेश’ असा उल्लेख येतो. आजच्या वाचकास तो क्षणभर बुचकळ्यात टाकतो. या प्रदेशाच्या पायाभूत खडकांना आमगावचे नाव मिळाले आणि ‘आमगाव नाइस’ हा शब्द देशभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. त्यांच्यानंतरचा डोंगरगडचा ग्रॅनाइट जवळजवळ अडीच अब्ज वर्षांचा मानला जातो. सालेकसा-दरेकसाच्या टेकड्यांतून जाणाऱ्या प्रवाशास आगगाडीच्या खिडकीतून जे दिसते, त्याचे शास्त्रीय वाचन प्रथम विद्यापीठीय परंपरेतील अभ्यासकाने केले, ही गोष्ट अध्यापकवर्गाने विसरू नये.

मात्र व्याख्येतून मिळालेल्या मोकळिकीत एक उणेपणही आहे. अध्यापकाच्या अभ्यासास कायदा मनाई करीत नाही, तशी त्याची दखलही घेत नाही. साठ्याकडे बोट दाखविण्याचा हेतू प्रकट होताच अभ्यास हे पूर्वेक्षण ठरते. हेतू नसेल तर त्याच अभ्यासाला शासकीय प्रक्रियेत नेमके स्थान नाही. पुढील काळात हा उणेपणा अधिक ठळक झाला.

१९८६-८८ : अर्हतेचा प्रवेश

शासकीय संस्थांची अलिखित सवलत अखेर १९८६ च्या दुरुस्तीने लिखित झाली. १० फेब्रुवारी १९८७ पासून अंमलात आलेल्या या दुरुस्तीने चौथ्या कलमास परंतुक जोडले गेले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, भारतीय खाण ब्यूरो, अणुखनिज विभाग, राज्यांची भूविज्ञान व खनिकर्म संचालनालये आणि मिनरल एक्स्प्लोरेशन कॉर्पोरेशन यांच्या पूर्वेक्षणास अनुज्ञप्तीची अट लागू होणार नाही, असे त्यात म्हटले आहे. ही यादी नागपूरच्या वाचकास ओळखीची वाटते. खाण ब्यूरोचे व एक्स्प्लोरेशन कॉर्पोरेशनचे मुख्यालय नागपूर, महाराष्ट्राच्या संचालनालयाचे मुख्यालय नागपूर, सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे कार्यालयही नागपूर. सवलत मिळालेल्या प्रत्येक संस्थेचे महत्त्वाचे कार्यालय गोंदियाहून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर आहे. गोरेगाव तालुक्यातील खुर्शीपार परिसराच्या लोहखनिजाविषयी असो की साकोली पट्ट्याच्या पूर्व टोकाविषयी, अधिकृत माहितीचा साठा याच शहरात झाला. संग्रहालयातील नकाशाचीच ही पुढची पायरी म्हणावी लागेल.

याच दुरुस्तीने खाणकाम योजना अनिवार्य केली आणि तिच्याबरोबर व्यक्तीच्या अर्हतेचा प्रश्न कायद्यात प्रथमच ठसठशीतपणे आला. योजना तयार करणारी व्यक्ती शासनाकडून मान्यताप्राप्त असावी, तिच्याकडे खाण अभियांत्रिकीची पदवी किंवा भूविज्ञानाची पदव्युत्तर पदवी असावी आणि पाच वर्षांचा पर्यवेक्षकीय अनुभव असावा, असे नियम झाले. १९८८ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांनी खाणपट्टाधारकास भूवैज्ञानिक व खाण अभियंता नेमणे बंधनकारक केले. मोठ्या यांत्रिक खाणींस दोघेही पूर्णवेळ हवेत. लहान खाणींस अंशकालिक तज्ज्ञ पुरतो आणि एकाच व्यक्तीस अनेक लहान खाणी पाहता येतात. भूविज्ञानात एम. एस्सी. झालेल्या विद्यार्थ्यास ‘मान्यताप्राप्त व्यक्ती’ होण्याचे ध्येय समोर ठेवता येऊ लागले, ते या नियमांमुळे. व्यावसायिक परवान्याच्या सर्वांत जवळ भारतीय भूवैज्ञानिक पोहोचला तो याच काळात.

खाणीवरील इतर पदांशी तुलना केली असता ही जवळीकही किती अपुरी होती, हे कळते. खाण अधिनियम, १९५२ आणि त्याखालील विनियमांनुसार धातुखनिजांच्या खाणीचा व्यवस्थापक, फोरमन, अगदी ‘मेट’सुद्धा परीक्षा देऊन सक्षमतेचे प्रमाणपत्र मिळवीत असे. प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, आणि तीच त्याची खरी ताकद. भूवैज्ञानिकासाठी अशी परीक्षा नव्हती. २०१६ मध्ये जे नवे खनिज सवलत नियम आले, त्यांत योजना तयार करणाऱ्याची अर्हता कायम राहिली, परंतु पूर्वीची नोंदणीवजा मान्यता गळून पडली. व्यवसाय सुलभ करण्याच्या धोरणाशी हे सुसंगत होते. तीन दशकांपूर्वी कायद्यात आलेला मान्यताप्राप्त माणूस अशा रीतीने पुन्हा केवळ पदवीधर झाला.

खड्ड्याच्या आकाराची सवलत

आतापर्यंतचे विवेचन प्रमुख खनिजांसंबंधी होते. गोंदिया जिल्ह्यात प्रत्यक्ष जमीन उकरली जाते ती मात्र बहुतांशी वाळू, मुरूम, माती आणि दगड यांसाठी. येथे दुसऱ्याच प्रकारच्या सवलती भेटतात आणि त्यांकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

१९५७ च्या अधिनियमाचे चौदावे कलम गौण खनिजांना पाच ते तेरा या कलमांतून वगळते आणि पंधरावे कलम त्यांविषयीचे नियम करण्याचा अधिकार राज्यांस देते. विदर्भासाठी १९६६ चे स्वतंत्र नियम होते. २०१३ मध्ये संपूर्ण महाराष्ट्रासाठी एकच नियमावली आली. भूवैज्ञानिक नेमण्याची १९८८ च्या नियमांतील अट गौण खनिजांस लागू नव्हती, २०१७ च्या सुधारित नियमांतही ती नाही. वैनगंगेच्या किंवा बाघ नदीच्या पात्रातील वाळूघाटावर भूवैज्ञानिक असलाच पाहिजे, असे केंद्रीय नियम म्हणत नाहीत.

याच्या जोडीला १९५२ च्या खाण अधिनियमाचे तिसरे कलम वाचावे लागे. केवळ पूर्वेक्षणासाठी केलेल्या खड्ड्यात एका दिवशी वीसपेक्षा अधिक माणसे नसतील, खोली सहा मीटरांपेक्षा अधिक नसेल (कोळशासाठी पंधरा मीटर) आणि खोदकाम वरच्या जमिनीच्या पोटात शिरत नसेल, तर तपासणी व अल्पवयीनांच्या मनाईसारखी मोजकी कलमे वगळता तो अधिनियम लागू होत नसे. मुरूम, साधी वाळू, साधी माती, बांधकामाचा दगड, खडी, जांभा इत्यादींच्या उघड्या खाणींनाही अशीच सूट होती. तेथे माणसांची मर्यादा पन्नास, खोलीची मर्यादा सहा मीटर आणि स्फोटकांस बंदी. म्हणजे प्रमाणपत्रधारक व्यवस्थापक, फोरमन आणि मेट हे सर्व या मर्यादेच्या आतील खड्ड्यावरून एकाच वेळी दूर होत. भूवैज्ञानिक तर तेथे मुळातच नव्हता.

सहा मीटर ही मर्यादा कागदावर लहान दिसते. धानाच्या बांधीशेजारी सरळ कड्याने खणलेला सहा मीटरांचा मुरूमखड्डा पावसाळ्यात पाण्याने भरल्यावर लहान राहत नाही. मुरमाचा थर कोठे संपतो, खाली कुजलेला नाइस आहे की चिकणमाती, कड कितपत उभी टिकेल, हे प्रश्न भूविज्ञानाचे आहेत. सवलतीचा निकष मात्र पट्टी लावून मोजण्याचा आहे. कायदेमंडळाची यामागील भूमिका समजण्यासारखी आहे. प्रत्येक गावखड्ड्यावर प्रमाणपत्रधारक व्यवस्थापक नेमणे कोणत्याही काळी शक्य झाले नसते. तथापि, जेथे प्रमाणपत्र मागणे शक्य नाही तेथे सल्ला तरी मिळावा, अशी तरतूद या कलमात नव्हती.

परंपरागत हक्कांच्या सवलती याहून वेगळ्या भूमीवर उभ्या आहेत. कुंभार समाजास महाराष्ट्रात ५०० ब्रासपर्यंतच्या मातीवर स्वामित्वधन माफ आहे. निस्ताराच्या हक्कांची परंपरा या भागात जुनी असून १९६६ च्या जमीन महसूल संहितेने निस्तारपत्रकाच्या रूपाने ती जपली. आणि तलावांच्या या जिल्ह्यात गाळ हा विषय कधीच गौण नव्हता. नवेगावबांधपासून लहानसहान बोड्यांपर्यंत पसरलेल्या मालगुजारी तलावांशी कोहळी समाजाचे नाव जोडलेले आहे. कोणत्या खोलगट भागात पाणी मुरेल आणि कोणत्या भागात टिकेल, पाळीसाठी माती कोठून उचलावी, सलंग खडकाचा आधार कोठे मिळेल, हे निर्णय या लोकांनी घेतले ते पदवीवाचून आणि परवान्यावाचून. त्यांना कोणी सूट दिली नव्हती. ती मागण्याची वेळच त्यांच्यावर आली नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळावर स्वामित्वधन न आकारण्याचे धोरण आले, तेव्हा शासनाने या जुन्या व्यवहाराला एक प्रकारे मान्यताच दिली.

कुंभाराच्या मातीपासून महामार्गाच्या मुरमापर्यंत

सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरांपेक्षा लहान गौण खनिज क्षेत्रांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. लहान म्हणून सवलत, या आजवरच्या सूत्राला प्रथमच मोठा धक्का बसला. त्यानंतर १५ जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने जिल्हा सर्वेक्षण अहवालाची पद्धत आणली आणि त्याच वेळी नवव्या परिशिष्टात मंजुरीतून वगळलेल्या बाबींची यादी दिली. कुंभारांनी रूढीप्रमाणे हातांनी काढलेली माती, कौले बनविणाऱ्यांची माती, पुरानंतर शेतात साचलेली वाळू, ग्रामपंचायत हद्दीतून वैयक्तिक वा सामूहिक कामासाठी रूढीने घेतलेली वाळू-माती, गावतलावातील गाळ, विहिरीचे खोदकाम अशा या बाबी आहेत. यादी वाचताना गोंदियातील कोणत्याही गावाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परवाना कोणाला मागू नये, याचा इतका जवळून केलेला विचार भारतीय खनिजविषयक नियमांत क्वचितच आढळतो.

परंतु २८ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीला जेमतेम काही दिवस झाले असताना, हे परिशिष्ट बदलण्यात आले आणि रस्ते, वाहिन्या यांसारख्या रेषीय प्रकल्पांसाठी लागणाऱ्या साध्या मातीचाही सवलतीत समावेश झाला. किती माती, कोणत्या क्षेत्रातून, कोणत्या खोलीपर्यंत, याची मर्यादा त्यात नव्हती. कुंभाराच्या चाकावरील गोळ्यासाठी बनविलेल्या यादीत महामार्गाचा भराव जाऊन बसला. २१ मार्च २०२४ रोजी नोबल एम. पैकाडा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही बाब रद्द केली. कुंभाराची सवलत त्याच्या हातांनी मर्यादित केलेली असते. कंत्राटदाराच्या यंत्राला अशी अंगभूत मर्यादा नाही. तरीही दोघांना एकाच परिशिष्टात बसविताना अडचण वाटली नाही, याचे कारण या कायद्याच्या मूळ घडणीत आहे. सवलत कोणत्या जाणकारीच्या भरवशावर द्यावयाची, हा प्रश्नच तेथे कधी विचारला गेला नव्हता.

येथे एका गोष्टीचा जाता जाता उल्लेख आवश्यक आहे. अनुसूचित क्षेत्रांत गौण खनिजांच्या पट्ट्यापूर्वी ग्रामसभेची शिफारस घेण्याची तरतूद १९९६ च्या ‘पेसा’ कायद्यात आहे. शेजारच्या गडचिरोलीतील अनुसूचित गावांस ती उपलब्ध आहे. देवरी, सालेकसा या तालुक्यांत आदिवासी वस्ती मोठी असूनही गोंदिया जिल्हा महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रांत येत नाही. त्यामुळे येथील ग्रामसभेस तो आधार नाही.

सवलतीचे नवे धनी आणि महाविद्यालये

दुसरीकडे प्रमुख खनिजांच्या क्षेत्रात शासकीय संस्थांची सवलत हळूहळू इतरांसाठी खुली होत गेली. २०१५ च्या दुरुस्तीने केंद्र शासनास अधिसूचनेद्वारे अन्य संस्थांची नावे यादीत घालता येऊ लागली. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात खासगी संस्थाही आल्या. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाकडून अधिमान्यता मिळविलेल्या खासगी समन्वेषण संस्था अधिसूचित होऊ लागल्या. १८५१ पासून शासकीय सेवेबरोबर येणारी मोकळीक आता अधिमान्यतेबरोबर येऊ शकते. अधिमान्यता संस्थेची होते. तिच्या पदरी अर्हताप्राप्त भूवैज्ञानिक असावे लागतात, परंतु नाव संस्थेचेच नोंदले जाते. वेल्ड आणि टाटांच्या काळापासून भूवैज्ञानिक ज्या जागी उभा होता, तेथून तो फारसा हललेला नाही.

या यादीत विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचे महाविद्यालय सहजासहजी बसत नाही. अधिमान्यतेसाठी लागणारी सामग्री व मनुष्यबळ त्यांच्याकडे नसते आणि व्याख्येने दिलेली मोकळीक ‘साठा’ या शब्दापाशी संपते. ज्या विभागातून अधिकारी, सल्लागार आणि अधिमान्य संस्थांचे कर्मचारी घडतात, तो विभाग स्वतः मात्र कोणत्याच सूचीत नाही.

गौण खनिजांच्या बाबतीत परिस्थिती किंचित निराळी आहे. वाळूघाटाचा लिलाव करावयाचा तर पात्रात दरवर्षी किती वाळू नव्याने येते, याचा अभ्यास केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आवश्यक मानला आहे. पावसाळ्यापूर्वी व नंतर पात्राचे छेद घेणे, वाळूच्या थराची जाडी मोजणे, हे काम पदव्युत्तर वर्गाच्या क्षेत्रकार्याच्या आवाक्यातील आहे. जिल्हा सर्वेक्षण अहवाल कोणी करावा यावरही वाद झाला. हे काम अधिमान्य सल्लागारांकडे सोपविण्याची भूमिका राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने घेतली होती. बिहार राज्य विरुद्ध पवन कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०२१ रोजी उपविभागीय समित्यांनी, म्हणजे शासकीय अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष स्थळपाहणी करून ते करावे, असे म्हटले. अधिकारी की सल्लागार, या वादात महाविद्यालयाचे नाव दोन्ही बाजूंनी निघाले नाही.

तथापि, २०१६ च्या अधिसूचनेत एक लहानशी तरतूद आहे. जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर एकवीस दिवस ठेवावा, त्यावर येणाऱ्या सूचना विचारात घ्याव्यात आणि योग्य वाटतील त्या अंतिम अहवालात समाविष्ट कराव्यात, असे तीत सांगितले आहे. अहवाल दर पाच वर्षांनी नव्याने करावयाचा असतो. वैनगंगेच्या छेदांची मोजमापे, आमगावच्या नाइसवरील कुजलेल्या थराची खोली, मुरूमखड्ड्यांच्या कडांचे उतार अशा नोंदी महाविद्यालयांच्या क्षेत्रकार्याच्या वह्यांत प्रतिवर्षी जमा होऊ शकतात. त्या एकवीस दिवसांत अभिप्राय देणाऱ्याकडे अनुज्ञप्ती, अधिमान्यता किंवा मान्यतेचा दाखला यांपैकी काहीही मागितले जात नाही.